रोग्यास कोंडावे की रोगाची वाट अडवावी?

सन २०२५ च्या जानेवारी महिन्यात पुणे शहराच्या नैर्ऋत्येस, सिंहगड रस्त्याच्या अंगाने वसलेल्या नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांतील माणसे एकामागून एक रुग्णालयांत दाखल होऊ लागली. बहुतेकांस प्रथम जुलाब व पोटदुखी झाली. ती थांबली म्हणून घरचे लोक निश्चिंत झाले, तोंच आठ-पंधरा दिवसांनी पाय लटपटू लागले, जिना चढवेना, हातातला पेला धरवेना, आणि काहींस तर श्वासही यंत्राच्या आधाराने घेण्याची पाळी आली. या व्याधीचे नाव गुइलेन-बॅरे सिंड्रोम ऊर्फ जीबीएस. संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली व काही जण दगावले. ज्या गावात एका घरचे दुखणे दुसऱ्या घरास चौकटीवरच कळते, त्या गावात लोकांच्या तोंडी एकच प्रश्न होता, की हा रोग स्पर्शाने होतो काय? रोग्याच्या घरी जावे की न जावे?

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्रास पूर्वीपासून ठाऊक होते. जीबीएस हा एका मनुष्यापासून दुसऱ्यास जडणारा रोगच नव्हे. कोणत्या तरी जंतूशी झुंजताना शरीराची संरक्षक फौज बहकते व आपल्याच मज्जातंतूंवर चाल करून जाते, त्याचा हा परिणाम. तो जंतू मात्र पसरतो. पुण्यातील रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी नावाचा जीवाणू व नोरोव्हायरस हा विषाणू आढळला. हे दोन्ही दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जातात. कॅम्पायलोबॅक्टर तर अर्धवट शिजलेल्या कोंबडीतूनही जातो. म्हणजे भिण्याचे कारण शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर नव्हते, ते नळाच्या तोटीत होते. आमच्या मते सार्वजनिक आरोग्याचे अर्धे शास्त्र या एका भेदात आहे, आणि तो भेद न ओळखल्यामुळे या शहराने पूर्वी एकदा फार जबर किंमत दिलेली आहे.

ती हकीकत पुणेकरांस तोंडपाठ आहे असा समज आहे. पण तिचा राजकीय भाग तेवढा पाठ आहे, आरोग्याचा भाग विसरला गेला आहे. सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस प्रकटलेला ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, काही महिन्यांतच पुण्यास येऊन पोहोचला. सरकारने रँडसाहेबांच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमली आणि मार्च १८९७ पासून गोऱ्या शिपायांच्या टोळ्या घरोघर शिरू लागल्या. देवघर पाहिले नाही, माजघर पाहिले नाही. स्त्रियांची तपासणी झाली, सामान रस्त्यावर फेकले गेले, संशयितांस गावाबाहेरच्या छावणीत नेऊन टाकले. परिणाम व्हायचा तो झाला. प्लेगपेक्षा प्लेगच्या बंदोबस्ताचे भय मोठे ठरले व लोक रोगी लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, रँड व आयर्स्ट हे दोघे अधिकारी प्राणास मुकले, चापेकर बंधू फासावर गेले व टिळकांस राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

आता वैद्यकाच्या बाजूने याच गोष्टीकडे पाहू. प्लेगचा जंतू येर्सिनने सन १८९४ मध्येच हाँगकाँगला शोधून काढला होता. पण तो उंदरांच्या अंगावरील पिसवांच्या दंशाने माणसात शिरतो, हे सिमाँ या फ्रेंच वैद्याने सन १८९८ मध्ये दाखविले व पुढे कित्येक वर्षे पंडितांनी त्याचे म्हणणे मानले नाही. म्हणजे सन १८९७ च्या वसंतात जी फौज पुण्याच्या पेठांतून फिरत होती, ती माणसांची झडती घेत होती आणि गुन्हेगार भिंतीच्या बिळात बसला होता. घरातील सामान उसकले म्हणजे उंदीर शेजारच्या घरात पळणारच! चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण याहून अधिक अक्षरशः कोठे लागू पडली असेल असे वाटत नाही. आणि मौज अशी, की घरात उंदीर पडू लागले म्हणजे घर सोडावे, एवढे ज्ञान आमच्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या लोकांस त्या काळीही होते. ते त्यांस विचारले असते तर कळले असते.

अर्थात लोकांची बाजू सर्वस्वी निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. प्रेते गुपचूप हलविणारे होते, देवीचा कोप म्हणून स्वस्थ बसणारे होते, आणि ज्यांनी पुढे होऊन लोकांस धीर द्यावयाचा ते पुढारी गाव सोडून गेले, याबद्दल टिळकांनीच त्यांस खडसावले होते. ते स्वतः गावात राहिले व त्यांनी रुग्णालय उभे करविले. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याकडील एका प्लेगग्रस्त मुलास पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर पुत्राच्या दवाखान्यात आणले, त्या सेवेतच त्यांस रोग जडला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. शिपायाच्या बुटाने जे होत नव्हते ते कोणत्या मार्गाने होण्यासारखे होते, याचे उत्तर त्या माउलीने दिले. त्या वेळी ते सरकारच्या कानी गेले नाही, एवढेच.

आता कायद्याकडे वळतो. वाचकांनी आमच्या धंद्याची ही खोड सहन करावी. प्लेग कमिटीस जो अधिकार मिळाला तो ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने. तो कायदा इतका लहान होता, की एका पोस्टकार्डावर त्याचा मतलब उतरवून घेता यावा. सरकारला वाटेल तेव्हा वाटेल ते नियम करता येतील. नियम मोडील त्यास शिक्षा. आणि सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणा अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही. ‘धोकादायक साथीचा रोग’ म्हणजे काय याची व्याख्या त्यात नाही. रोगाची खबर लोकांस द्यावी, पाणी तपासावे, रोग्याच्या अन्नपाण्याची तजवीज करावी, असे एकही कर्तव्य त्यात सरकारच्या माथी मारलेले नाही. परक्या राज्यकर्त्यांनी घाईघाईने केलेला हा कायदा स्वराज्यात रद्द झाला असेल अशी कोणाची कल्पना असल्यास ती चूक आहे. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले कोरोनाचे रुग्ण याच पुण्यात आढळले तेव्हा जो कायदा उपसण्यात आला तो हाच. त्याच वर्षी त्यास दुरुस्ती झाली व डॉक्टर-परिचारिकांवर हात टाकणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. ती योग्यच होती. पण सरकारच्या कर्तव्याचे कलम तेव्हाही त्यात आले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारताच्या विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात या कायद्याचे वैगुण्य सविस्तर दाखविले आहे. तो अहवाल सरकारदरबारी आहे. वाचला जावा, इतकीच प्रार्थना.

असो. सत्तेचा कायदा एकशे अठ्ठावीस वर्षांचा झाला तेव्हा, म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये, पाण्याची स्थिती काय होती? सिंहगड रस्त्यावरील ज्या गावांत जीबीएसचे रुग्ण अधिक आढळले त्यांतील बरीचशी सन २०२१ मध्ये महापालिकेच्या हद्दीत घेतलेल्या तेवीस गावांपैकी आहेत. ही गावे खडकवासल्याच्या धरणाच्या जवळ जवळ पायथ्याशी आहेत. सन १८७९ पासून ज्या धरणाने पुण्याची तहान भागविली, त्याच्या सावलीतील लोकांस शुद्धीकरण केंद्रातून गाळून आलेले पाणी मिळू नये आणि त्यांनी विहिरीचे पाणी क्लोरीन टाकून प्यावे, हा देखावा कोणासही शोभादायक नाही. धायरी-नांदेडकडे इमारती वीस-वीस मजले चढल्या, त्यांची घरपट्टी ठरली, नकाशे मंजूर झाले. पाण्याची शुद्धता मात्र मागाहून येणार होती. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजहून शहरात पाणी खेळविले, तेव्हा हौद आधी बांधले, की पेठा आधी वसविल्या, हा वाद इतिहासकारांनी खुशाल करावा. पण नळ आणि वस्ती यांची सांगड घालावी लागते, हे तेव्हाही लोकांस समजत होते.

साथ पसरल्यावर महापालिकेने धावपळ केली हे नाकारून चालणार नाही. आरोग्यसेवक घरोघर फिरले, पाण्याचे नमुने घेतले गेले, पाणी विकणारे अनेक खाजगी प्रकल्प बंद करण्यात आले, राज्याचे व केंद्राचे तज्ज्ञ आले, आणि राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था याच गावात असल्याने नमुन्यांची तपासणी येथेच झाली. सन १८९७ च्या मानाने हा फरक जमीन-अस्मानाचा आहे. या वेळी घरात शिरणाऱ्याच्या हाती बंदूक नव्हती, वही होती. परंतु तहान लागल्यावर विहीर खणणे याला बंदोबस्त म्हणत नाहीत. पिण्याच्या पाण्यात, ते घरच्या तोटीतून पडताना, दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असे भारतीय मानक सांगते. तो आहे की नाही हे पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. खेडेगावचा पाणीवालाही ओ. टी.चे दोन थेंब टाकून पाण्याचा पिवळा रंग पाहतो. एवढी सोपी परीक्षा रोज प्रत्येक वस्तीत होत होती काय, आणि होत असल्यास तिचा निकाल लोकांस कधी दाखविला काय?

तो विचारायचा कोणाकडे, हा आणखी एक प्रश्न. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली. साथ आली तेव्हा या शहरात लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक नव्हता; सर्व कारभार प्रशासकाच्या हाती होता. ती निवडणूक होण्यास जानेवारी २०२६ उजाडला. प्रशासक कर्तबगार असेल वा नसेल. पण नांदेडच्या गृहिणीने गढूळ पाण्याची बाटली ज्याच्या टेबलावर आदळावी असा मनुष्य जवळपास तीन वर्षे नव्हता. स्थानिक स्वराज्य म्हणजे शोभेची वस्तू आहे असे ज्यांस वाटते त्यांनी याचा विचार करावा.

आमचे एक व्यापारी स्नेही म्हणतात, की असल्या बातम्या छापून तुम्ही बाजार बसविता. लोक हॉटेलात जात नाहीत, कोंबडीचे भाव पडतात, भाडेकरू घर सोडतात. त्यांची अडचण खरी आहे. पण बाजार बातमीने बसत नाही, अर्धवट बातमीने बसतो. कोंबडी नीट शिजवली तर तो जंतू मरतो, पाणी खळखळून उकळले तर मरतो, एवढे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितले असते तर कोणाचेही दुकान बंद पडण्याचे कारण नव्हते. सन १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीची साथ आली तेव्हा जॉन स्नो या डॉक्टराने मृतांची घरे नकाशावर टिपली, ती सर्व एका पंपाभोवती निघाली, व पंपाचा दांडा काढून घेण्यात आला. कोणाचे दुकान बंद करावे लागले नाही, कोणास छावणीत न्यावे लागले नाही.

प्रत्येक रोगाची वाट निराळी असते, म्हणून उपायही निराळा. गोवर हवेतून जातो व इतका वेगाने जातो, की शंभरातील पंचाण्णव मुलांस लस टोचल्यावाचून तो आटोक्यात राहत नाही. डेंग्यू आणि झिका यांची वाट डासाची; सन २०२४ मध्ये एरंडवण्यासारख्या सुशिक्षित वस्तीत झिकाचे रुग्ण निघाले व त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या. हा डास गटारात नव्हे, तर स्वच्छ साठवलेल्या पाण्यात, कुंडीखालच्या बशीत, गच्चीवरील पिंपात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी कोरडी केली की काम झाले. येथे महापालिकेला शिव्या देऊन भागणार नाही. ती कुंडी तुमची-आमची आहे. सोसायटीची पाण्याची टाकी गेल्या खेपेस केव्हा धुतली, हे वाचकांनी आजच आपल्या चिटणिसास विचारावे. बहुधा तारीख आठवणार नाही.

आणि लोकांचे साह्य मिळवावयाचे कसे, हेही याच देशाने जगास दाखविलेले आहे. देवीचा रोग हिंदुस्थानातून सन १९७५ मध्ये हटला, तो केवळ लसीने नव्हे. काही ठिकाणी बळजबरीही झाली, हे खरे. पण देवीचा रोगी कळविणाऱ्यास सरकारने बक्षीस लावले, आणि रोगी दुर्मिळ होत गेले तसतशी ती रक्कम वाढवीत शेवटी हजार रुपयांपर्यंत नेली. रोगी सापडला की त्याच्याभोवतालच्या सर्वांस लस टोचली जाई. सन १८९७ मध्ये रोगी लपविण्यात लोकांचे हित होते. सन १९७५ मध्ये तो दाखविण्यात होते.

राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टात पाणीपुरवठा व सार्वजनिक आरोग्य हे नगरपालिकांचे विषय म्हणून नोंदलेले आहेत, महापालिका कायद्यात ते आवश्यक कर्तव्यांत मोडतात, आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने सन १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात बजावलेले आहे. तेव्हा आमची मागणी नवीन नाही, खर्चाचीही नाही. महापालिकेने प्रत्येक विहीर, टाकी व शुद्धीकरण केंद्र यांच्या पाण्याचे निकाल दर आठवड्यास, वस्तीवार, मराठीत, क्षेत्रीय कार्यालयाबाहेरील फळ्यावर व वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करावेत; आणि ज्या आठवड्यात निकाल वाईट येईल त्याच आठवड्यात तो आधी प्रसिद्ध व्हावा. निवडून आलेल्या नगरसेवकांनी आरोग्यखात्याच्या रिकाम्या जागांची यादी पहिल्या सभेपुढे मागावी. आणि पावसाळ्यापूर्वी सिंहगड रस्त्यावरील गावांना शुद्ध केलेले पाणी कोणत्या तारखेस मिळणार, ती तारीख आयुक्तांनी लेखी जाहीर करावी. ती तारीख आम्ही या पत्रात छापू, आणि ती उलटल्यास तेही छापू.