फाइल जोडायची खिडकी

विषय वाचून काही जण म्हणतील, ह्याला आज दुसरं काही सुचलं नाही वाटतं. मेलला फाइल जोडताना जी छोटी खिडकी उघडते, तिच्यावर कोणी लेख लिहितं का? पण विचार करा. ऑफिसात काम करणारा माणूस दिवसातून आठ-दहा वेळा तरी ह्या खिडकीसमोर येतो, आणि तिथे घेतलेला निर्णय परत फिरवता येत नाही. वर्डमध्ये काही चुकलं तर अन्डू आहे. चुकीची फाइल जोडून 'सेंड' दाबलं की खेळ खलास. (जीमेलमध्ये 'अन्डू सेंड' आहे, पण ते जास्तीत जास्त ३० सेकंदांचं. आणि आपल्याला चूक कळते ती समोरच्याचं उत्तर आल्यावर!)

आता इतक्या नाजूक जागी फाइली कशा दिसाव्यात हे कोण ठरवतं? बहुतेक वेळा आपण नाही.

माझ्या एका मित्राचं चाकणला फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. प्रत्येक कामाच्या तो दोन एक्सेल शीट करतो. एक पार्टीला पाठवायची, आणि एक घरची, जिच्यात पत्र्याचा भाव, मजुरी, वाहतूक आणि स्वतःचं मार्जिन असतं. नावं लांबलचक: आधी कंपनीचं नाव, मग कामाचं, मग तारीख, आणि अगदी शेवटी 'पार्टी' किंवा 'घरची'. त्याचं सगळं डाउनलोड्समध्येच पडलेलं असतं. एकदा त्याच्या मुलाने तिथूनच ट्रिपचे फोटो कोणाला तरी पाठवले आणि ते नीट दिसावेत म्हणून मोठे आयकॉन लावले. दुसऱ्या दिवशी बापाने कोटेशन जोडायला खिडकी उघडली तर तिथे नुसती एक्सेलची हिरवी चित्रं, खाली नावाच्या दोन-तीन ओळी आणि पुढे तीन टिंबं. दोन्ही फाइली हुबेहूब सारख्या. त्याने एक उचलली. दोन दिवसांनी पार्टीचा फोन आला, "शेठ, तुमचं मार्जिन अठरा टक्के दिसतंय, बारावर आणा आणि काम घ्या." काम त्याने बारावर घेतलं. मशीन रिकामं ठेवण्यापेक्षा बरं, म्हणाला.

घरी सगळ्यांनी त्यालाच धांदरट ठरवलं. मला ते अजिबात पटत नाही. ज्या दोन गोष्टींतला फरक डोळ्यांना दाखवलाच नाही, त्यांतून बरोबर निवड करायची अपेक्षा ठेवायची, ती चुकली की माणसाला नावं ठेवायची, हा सॉफ्टवेअरवाल्यांचा जुना धंदा आहे. (मी पण त्याच धंद्यात आहे, म्हणून हक्काने बोलतोय.) मॅकवर बघा, नाव मावेनासं झालं की फाइंडर ते मधून कापतो, शेपूट शाबूत ठेवतो. एवढ्याशा गोष्टीने 'पार्टी' आणि 'घरची' वेगळे दिसले असते.

ह्यावर ठरलेलं उत्तर येतं की जास्त सेटिंग दिल्या तर सामान्य माणूस गोंधळतो. ह्या मताला वजन आहे, नाही असं नाही. हॅवॉक पेनिंग्टन ह्या ग्नोमच्या प्रोग्रामरने २००२ मध्ये ह्यावर एक गाजलेला निबंध लिहिला होता. प्रत्येक जादा पर्यायाची किंमत मोजावी लागते, तो तपासावा लागतो, त्याच्या गर्दीत कामाचे पर्याय हरवतात, असा त्याचा सूर. मला हे मान्य आहे. पण फाइली कशा दिसाव्यात ही आवडीनिवडीची गोष्टच नाही, ती कामावर अवलंबून असते. फोटो पाठवायचाय तर चित्र दिसलं पाहिजे, त्याचं नाव कॅमेऱ्याने ठेवलेलं असतं आणि त्यातून कोणाला काही कळत नाही. कोटेशन पाठवायचंय तर नाव, तारीख आणि आकार दिसले पाहिजेत, चित्राचा काडीचा उपयोग नाही. एकाच माणसाला एकाच दुपारी दोन्ही लागतात.

गंमत म्हणजे ग्नोमच्याच घरात ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे. २००४ मध्ये जीटीके २.४ बरोबर फाइल निवडायची नवी खिडकी आली. त्याच वर्षी मागणी नोंदवली गेली, की बाबांनो, चित्रं छोट्या रूपात जाळीसारखी मांडून दाखवा. लिनक्सवर ब्राउझरमधून मेलला फोटो जोडणाऱ्याला नुसती नावांची यादी दिसायची, एकेक निवडून बाजूला काय दिसतंय ते बघायचं. मध्ये कोणी कोणी पॅच करून पाहिले, इंटरनेटवर त्याचे विनोद झाले. शेवटी जाळी आली ती जीटीके ४.१० मध्ये, मार्च २०२३ ला. एकोणीस वर्षं! मूल जन्मून कॉलेजात गेलं असतं. कारण तांत्रिकच होतं. जुनी खिडकी एका विशिष्ट यादीच्या विजेटशी घट्ट बांधलेली होती. जीटीके ४ मध्ये याद्यांची नवी विजेट्स आली, तोच डेटा यादीत किंवा जाळीत दाखवणं सोपं झालं, तेव्हा कुठे गाडं हललं. फुकट काम करणाऱ्या लोकांवर मी रागावणार नाही. पण 'नंतर बघू' म्हटलेली गोष्ट किती नंतर होऊ शकते, ह्याचा हा नमुना.

विंडोजचं दुखणं वेगळं. तिथे दिसायचे प्रकार भरपूर, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लपवलेली. विंडोज ९५ पासून ओळखीच्या फाइलींचं एक्स्टेंशन मुळातच झाकलेलं असतं, ते आज विंडोज ११ मध्येही तसंच आहे. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' व्हायरस जगभर पसरला तो ह्याच झाकण्याच्या जोरावर. फाइलचं नाव 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस'. शेवटचा तुकडा झाकला की उरतं ते बिचारं साधं पत्र. पुढल्याच वर्षी टेनिसपटू आना कुर्निकोवाच्या नावाने तीच युक्ती पुन्हा चालली, ह्या वेळी जेपीजीचा बुरखा. दोन जगप्रसिद्ध फजित्या झाल्यावरही मूळ सेटिंग जागचं हललं नाही.

आणि हे फक्त येणाऱ्या फाइलींपुरतं नाही. पाठवताना एकाच नावाच्या वर्ड आणि पीडीएफ अशा दोन फाइली शेजारी असतात. एक्स्टेंशन झाकलेलं असेल तर फरक फक्त नखाएवढ्या आयकॉनचा. मग करार पीडीएफ म्हणून जातो असं वाटतं आणि जाते ती वर्डची फाइल, कोणीही आकडे बदलावेत अशी.

आपल्याकडे ह्यात आणखी एक भर. मराठी माणूस फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून ठेवतो. 'पत्र' हा एकच शब्द तीन जण तीन स्पेलिंगने लिहितात, एकच माणूस सुद्धा सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरं. त्यामुळे अकारविल्हे लावणं जवळपास निरुपयोगी. त्यात तारखा आपण दिवस-महिना-वर्ष अशा लिहितो. नावाप्रमाणे लावलं की ०१-१२-२०२३ ची फाइल ०२-०१-२०२३ च्या आधी येते. वर्ष-महिना-दिवस अशी तारीख नावाच्या सुरुवातीला घातली की हा घोळ मिटतो. दिसायला परकं वाटतं, पण आठवड्याभरात सवय होते. 'बदल केल्याची तारीख' ह्या रकान्यावरही आंधळा विश्वास नको. मेलमधून उतरवून घेतलेल्या जुन्या फाइलीवर बहुतेक वेळा उतरवल्याची तारीख चढते. १९९७ च्या आरएफसी २१८३ मध्ये मूळ तारीख मेलबरोबर पाठवायची सोय करून ठेवलेली आहे. वापरतंय कोण!

तेव्हा माझं मत असं: जोडायच्या खिडकीत मुळात 'डिटेल्स' असावं, नवी फाइल वर, एक्स्टेंशन उघडं, नाव पूर्ण. चित्रांचं दृश्य एका क्लिकवर, आणि ती खिडकी बंद झाली की परत डिटेल्स. कंपन्या हे करेपर्यंत आपण जे करू शकतो ते करावं. विंडोज ११ मध्ये एक्स्प्लोरर उघडून 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' ला टिक करा. विंडोज १० मध्ये तो पर्याय 'व्ह्यू' टॅबवरच आहे. खिडकीत प्रिव्ह्यू पेनचं बटण असतं ते दाबा, एक्सेल न उघडता आतलं दिसतं. २०१९ नंतरच्या विंडोजमध्ये डाउनलोड्स 'टुडे', 'यस्टर्डे' असे गट पाडून दाखवतं, त्याचा त्रास होत असेल तर उजवी क्लिक करून 'ग्रुप बाय' मध्ये 'नन' निवडा. आणि सगळ्यात सोपं म्हणजे ती खिडकी उघडूच नका. आपल्याला हवा तसा लावलेला फोल्डर उघडा आणि फाइल तिथून ओढून मेलवर सोडा.

मित्राचं मी एवढं सगळं करून दिलं. शिवाय 'घरची' शीट्सचा फोल्डरच वेगळा केला, जो मला वाटतं बाकी सगळ्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. फोनवर मात्र माझं काही चालत नाही. तिथे रकाने नाहीत, जाळीत नावं कापली जातात, आणि व्हॉट्सॅपवरून आलेल्या फोटोंची नावं म्हणजे नुसती तारीख आणि अनुक्रमांक. वरच्या कोपऱ्यात यादी आणि जाळी बदलायचं बटण असतं, ते त्याला दाखवलंय. फोनवरून कोटेशन पाठवू नकोस असंही बजावलंय. तो साइटवर उभा राहून पाठवतोच.