नेकारकाठ : छोट्या गाडीचा दिवा

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं आणि आपल्या घरांतली मुलं कुरकुरायला लागतात. शाळा, जेवण, गृहपाठ उरकून बाहेर पडावं तर अंधार. ज्यांच्याकडे ती गुडघ्याएवढी, दोरी ओढून सुरू होणारी मिनीबाइक आली आहे, त्यांच्याकडे तर एकच धोशा, "आई, हिला हेडलाइट लावू या ना!" आमच्याकडेही तोच होता. मंडळातल्या आणखी दोन घरांतून हाच प्रश्न आला, म्हणून यंदाचं पान त्यालाच देते आहे. मी शिकवत होते ती भाषा, वीज नव्हे. पण नेकारसुल्ममध्ये राहून दुचाकीबद्दल काही शिकायचं नाही म्हणजे नाशकात राहून द्राक्षं न खाण्यासारखंच.

भारतातल्या नातेवाइकांसाठी सांगते. आमच्या गावाच्या नावातली अक्षरं घेऊनच 'एनएसयू' हे नाव झालं. 1880 मध्ये हा कारखाना इथे आला तो विणकामाची यंत्रं करायला. मग सायकली, आणि 1901 पासून मोटारसायकली. 1955 च्या सुमारास दुचाकी बनवण्यात तो जगात पहिला होता. 1953 मध्ये त्यांनी 'क्विकली' काढली. 49 सीसीचं इंजिन, पेडल मारून सुरू करायची. दहा लाखांहून जास्त खपली. इथल्या जुन्या गढीतल्या दुचाकी संग्रहालयात ती बघताना माझ्या तोंडून निघालं, "अगं बाई, ही तर लुना!" पुण्याच्या कायनेटिकने 1972 मध्ये लुना आणली तिचा नमुना इटालियन होता, क्विकलीचा नव्हे. पण जातकुळी एकच.

दिव्याची गोष्टही एकच. बाबांच्या लुनावर मागे बसलेल्या प्रत्येकाला आठवत असेल, की गतिरोधकापाशी गाडी हळू झाली की दिवा मिणमिणायचा आणि ॲक्सिलरेटर पिळला की परत उजळायचा. कारण त्या दिव्याची वीज बॅटरीतून नाही, थेट इंजिनातून यायची. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, लोहचुंबक असतात. त्यांच्या आत तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या स्थिर बसवलेल्या असतात. एक गुंडाळी ठिणगीसाठी, दुसरी दिव्यासाठी. चाक जोरात फिरलं की वीज जास्त, हळू फिरलं की कमी. सायकलच्या डायनॅमोचंच तत्त्व. गंमत म्हणजे वीज आवरणारं वेगळं काही नसल्यामुळे पुढचा आणि मागचा बल्ब ती आपसांत वाटून घेत. मागचा बल्ब गेला की त्याच्या वाट्याची वीजही पुढच्यावर येई आणि मग तोही उडे. एका दिव्याच्या मागोमाग दुसरा का जातो, याचं बाबांना नेहमी नवल वाटायचं.

आता मुलांची मिनीबाइक. पाण्याच्या पंपाला किंवा छोट्या जनरेटरला बसवतात तसलं इंजिन तिला असतं आणि खर्च वाचवायला दिव्याची गुंडाळी बहुधा दिलेलीच नसते. गुंडाळी विकत मिळते, पण कित्येक इंजिनांच्या फ्लायव्हीलला आतून चुंबकच नसतात. मग गुंडाळीबरोबर चाकही बदलावं लागतं. ते काढायला पुलर लागतो, हातोडीचं काम नव्हे. आणि इंजिन बंद करायच्या बटणाकडे जी तार येते, तिला दिवा जोडू नका. ती ठिणगीची तार आहे. दिवा लावलात तर ठिणगी जमिनीत जाते आणि इंजिन बंद पडतं.

शेजारचे ओपा तरुणपणी कारखान्यात काम केलेले. त्यांनी सगळं बघून सुचवलं ते सोपं होतं, इंजिनाला हातच लावायचा नाही. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाची छोटी बॅटरी आणि 10 वॅटचा एलईडी दिवा. हिशेबाने आठ तास निघतात, पण शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून चार धरायचे. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. अर्थिंगची तार फ्रेमला जोडताना तिथला रंग खरवडून धातू उघडा करायचा. रंगावरच स्क्रू आवळला तर दिवा लागेल नाहीतर नाही. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून तार ताणत नाही ना ते बघायचं. मग भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करून प्रकाशाचा मध्य दिव्याच्या उंचीपेक्षा थोडा खाली पाडायचा. दोन शनिवारांत काम झालं. स्क्रूड्रायव्हर चिरंजीवांच्या हातात होता, ओपा फक्त स्टुलावर बसून "लांगझाम, लांगझाम" म्हणत होते.

पण मला लिहायचं आहे ते यापुढचं. दिवा लागल्याक्षणी चिरंजीव म्हणाले, "आता मी शॉयरबेर्गच्या वाटेने जाऊ शकतो!" शॉयरबेर्ग म्हणजे आमची द्राक्षमळ्यांची टेकडी. तिथे संध्याकाळी माणसं कुत्री घेऊन फिरतात, ट्रॅक्टर येतात. आणि दिव्याने गाडी रस्त्याची होत नाही. इंजिनाच्या जोरावर ताशी 6 किलोमीटरच्या वर जाणाऱ्या गाडीला इथे परवानगी लागते, आणि मोपेडला विम्याची छोटी पाटी, जिचा रंग दर 1 मार्चला बदलतो. दिव्यावरसुद्धा मान्यतेची खूण हवी. मिनीबाइककडे यातलं काही नसतं. लोकांना मोकळी असलेली मळ्यातली वाट हाही कायद्याने रस्ताच.

विमा आणि लायसन्स नसताना गाडी चालवणं हा इथे पावती फाडून सुटण्याचा मामला नाही, फौजदारी गुन्हा आहे. 14 वर्षांखालच्या मुलावर खटला होत नाही. पण गाडी हातात देणाऱ्या आईबापांवर होऊ शकतो. आणि कोणी जखमी झालं तर भरपाई विम्याविना कोण देणार? आपल्यापैकी कितीतरी जणांचे नागरिकत्वाचे अर्ज चालू आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

चिरंजीव दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "मग दिवा लावलाच कशाला?" हा त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. शेवटी ओळखीच्या एका द्राक्षमळेवाल्यांनी फाटक लावता येईल असं त्यांचं कुंपणाचं अंगण शनिवारी संध्याकाळी द्यायचं कबूल केलं. हेल्मेट, हातमोजे आणि फाटक आतून बंद, या माझ्या तीन अटी. दहा गोल फेऱ्या मारतात, दिव्याच्या उजेडात पिंपांच्या सावल्या भिंतीवर पळतात, आणि घरी येऊन आधी बॅटरी चार्जिंगला लागते, मग हात धुतले जातात. लायसन्सचं वय मोपेडसाठी 15 आहे. आमच्याकडे अजून तीन वर्षं आहेत, आणि ओपांच्या तळघरात एक क्विकली, कागदपत्रांसकट.