माइक आपला, पण ऐकू जाते सारे दुकान

आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांचा बराचसा व्यवहार आता संगणकावर बोलून होऊ लागला आहे. परगावचे गिऱ्हाईक पडद्यावर माल पाहते, माप सांगते, भाव ठरवते. ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु हेडसेट लावला म्हणजे फक्त आपलाच आवाज पलीकडे जातो, हा समज खोटा आहे. पंख्याची घरघर, शिलाई मशीनचा खडखडाट आणि गल्ल्यापाशी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी चाललेली घासाघीसही त्याबरोबर जाते. एकोणसाठ नगांचे एकोणसत्तर ऐकले गेले, तर वरच्या दहा नगांचा भुर्दंड कोणी सोसायचा? आणि एकाला दिलेला भाव दुसऱ्याच्या कानी पडला, तर दोघेही दुरावतात.

अशा वेळी पुष्कळजण हेडसेटला नावे ठेवून नवा आणतात. आम्हांस हे पटत नाही. खर्च करण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट, ऐकतो आहे कोण? हेडसेट डोक्यावर असूनही लॅपटॉपचा स्वतःचा माइकच चालू असतो, असे वारंवार घडते. आवाज नोंदविण्याचा प्रोग्राम सुरू करून हेडसेटच्या माइकवर हलकेच नख घासावे, मग लॅपटॉपवर घासावे. नोंदलेले ऐकताना लॅपटॉपची खरखर मोठी आली, तर चोर सापडला. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम, साउंड व इनपुट येथे हेडसेटचा माइक निवडावा. दोन पिनांचा हेडसेट एकाच भोकाच्या लॅपटॉपला थेट चालत नाही. त्याला जोडपिन लागते.

दुसरी, मायक्रोफोन बूस्ट. हे वीस डेसिबलने वाढविले, की आवाजाची लहर दहापट मोठी होते. पण ती आपली तशी पंख्याचीही! साउंडच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये, माइकच्या लेव्हल्समध्ये हा पर्याय दिसत असेल, तर तो शून्यावर आणावा.

तिसरी, माइकची जागा. तो ओठांच्या कडेला दोन बोटांवर असावा, अगदी तोंडासमोर नको. अंतर निम्मे केले, की आपला आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो. दुकानाचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. यास पैसाही लागत नाही.

चौथी, पलीकडच्याला स्वतःचेच बोलणे परत ऐकू येत असेल, तर आपल्या कानातला आवाज कमी करावा. तो माइकमध्ये शिरतो आहे. सतत गुणगुण येत असेल, तर क्षणभर चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली, तर दोष विजेच्या जोडणीत आहे.

गोंगाट गाळणारी सोय कॉलच्या प्रोग्राममध्ये असते, ती जरूर चालू करावी. पंख्यासारखा एकसुरी आवाज ती सहज गाळते. परंतु शेजारी बोलणारा माणूस गाळणे तिला तितके सोपे नाही. म्हणून बोलून झाले, की माइक बंद करण्याची सवय लावून घ्यावी, आणि भावाची बोलणी काउंटरपासून दूर बसून करावीत.

गिऱ्हाइकाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चार कानी होऊ नये, हा आपल्या बाजारपेठेचा जुना दंडक आहे. यंत्र नवे आले म्हणून तो ढिला पडता कामा नये, एवढेच आमचे सांगणे.