तान्ह्या पोळ्याचीं चार चाकें

अमेरिकेंत असलेल्या माझ्या भाचीचें नुकतेंच पत्र आलें. तिची मुलगी तिकडे पहिल्या इयत्तेंत शिकते. नोव्हेंबरांतील चौथ्या गुरुवारीं तेथें 'थँक्सगिव्हिंग' हा आभाराचा सण असतो. त्यानिमित्त मुलें शाळेंत कागदावर आपला पंजा ठेवून भोंवतीं रेघ ओढतात, अंगठ्याचें डोकें व बोटांचीं पिसें करून टर्की पक्षी रंगवितात आणि एकेका पिसावर ज्याचे आभार मानावयाचे त्याचें नांव लिहितात. 'मावशी, आपल्याकडे शाळांतून असें कांहीं करतात का?' असें तिनें विचारलें आहे.

वाचक-भगिनींनो, भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यांत राहणारीला याचें उत्तर शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. आमच्याकडे तान्हा पोळा आहे. श्रावणी अमावास्येला मोठा पोळा. तोंवर रोवणी बहुतेक आटोपलेली असते आणि चिखलणीच्या कष्टानें बैल थकलेले असतात. म्हणून आदल्या सायंकाळीं त्यांचे खांदे हळद-लोणी लावून मळावयाचे, दुसऱ्या दिवशीं झूल व बाशिंग घालून त्यांना तोरणाखालीं उभें करावयाचें आणि मग घरीं आणून ओवाळावयाचें व पुरणपोळी खाऊं घालावयाची. प्रतिपदेला पाळी मुलांची. चाकांचे लाकडी बैल दोरीनें ओढीत तीं जमतात, पूजा होते, आणि नंतर घरोघर बैल नेऊन बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मागून आणतात. नागपूरकर भोसल्यांपैकीं दुसऱ्या रघूजींनीं ही चाल पाडली असें सांगतात.

शाळांतूनही तान्हा पोळा होतो. पण तेथें मला एक गोष्ट खटकते. सजविलेल्या बैलांच्या स्पर्धा लागतात, आणि परीक्षा मुलाच्या हातांची न होतां वडिलांच्या खिशाची होते. एका स्पर्धेंत बक्षीस मिळालेला बैल त्याच्या धन्याहून उंच होता; बाळ शेजारीं धोतर-फेटा सांवरीत रडवेला उभा होता. घरांत पणजोबांच्या वेळचा सागवानी बैल असेल तर तो अवश्य काढावा, त्याला तेलाचा हात द्यावा. नवा मात्र मुलानें स्वतः करावा.

याला खर्च लागत नाहीं. तळ्याकांठची चिकट माती आणून खडे वेंचावे, तींत थोडा पिंजलेला कापूस किंवा बारीक तूस मिसळून ती चांगली मळावी. त्यानें वाळतांना तडे कमी जातात. पाय जाड व आंखूड ठेवावे. बारीक पायांचा डौलदार बैल मोठ्यांना आवडतो, पण तो दुसऱ्याच दिवशीं बसतो! पायांतून आंसाची कामटी जाण्यापुरतीं भोंकें माती ओली असतांनाच पाडावीं. बैल उन्हांत न ठेवतां सावलींत चार-पांच दिवस वाळूं द्यावा. मग चुना, गेरू, हळद, काजळ हे घरचेच रंग. शिंप्याकडील चिंध्यांची झूल. आणि चाकांना डब्यांचीं झांकणें किंवा जाड पुठ्ठ्याच्या चकत्या.

चाकें चार असतात, आणि येथें मला भाचीच्या पत्रांतील पिसें आठवलीं. प्रत्येक चाकावर एक नांव लिहावयाचें: आपल्या ताटांतील भात ज्यांच्यामुळें आला त्यांचें. बैलाला पहिला मान. दुसरें चाक नांगरणाऱ्याचें. आतां चिखलणीला बहुधा ट्रॅक्टर येतो, तर तो चालविणाऱ्याचें. तिसरें रांधणारीचें, शाळेंत मध्यान्हींची खिचडी शिजविणारी बाई मुलांना चटकन आठवते. चौथें रोवणी करणारीचें. दिवसभर गुडघाभर चिखलांत वांकून ती रोपें लावते; बैलाचे खांदे मळण्याची रीत आहे, तिच्या कमरेसाठीं कोणताच सण नाहीं.

नांव लिहिण्याचा आग्रह मीं उगीच धरलेला नाहीं. सन १६२१ मध्यें प्लिमथ येथें वसाहतवाल्यांनीं सुगीची मेजवानी केली, तेव्हां त्यांना मका पेरावयास तेथल्या मूळच्या लोकांनींच शिकविलें होतें. पुढें त्या लोकांच्या जमिनी गेल्या. सन १९७० पासून त्यांचे कांहीं वंशज त्याच सणाच्या दिवशीं प्लिमथला जमून शोकदिन पाळतात. आभाराचा सण टिकला. आभार ज्यांचे मानावयाचे तीं माणसें विसरलीं गेलीं.

आमच्या घरींही हेंच निघालें. आमची थोडी शेती आहे, ती ठेक्यानें दिलेली. यंदा नातवानें मातीचा बैल केला, तीन चाकें लिहून झालीं, आणि तो मला विचारूं लागला, "आजी, आपल्या बांधींत रोवणी कोण करतें?" मला एकीचेंही नांव सांगतां येईना. त्याच्या आजोबांनाही नाहीं. पन्नास वर्षें त्या शेताचा तांदूळ आम्ही खात आहों!

शेवटीं त्याला घेऊन मी गांवीं गेलें. ओसरीवर बसलेल्या बाईला त्यानें सरळच विचारलें. ती आधीं हंसली, मग नांव सांगितलें, आणि "माझ्या सुनेचंही लिही, ती पण होती," म्हणाली. चाक एवढेंसें, दोन नांवें मावेनात. दुसऱ्या नांवाचें शेवटचें अक्षर त्यानें चाकाच्या पाठीमागें लिहिलें.