विणकाम हा विरंगुळा नव्हे

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावातील एका मेळाव्यात हस्तकलेचे प्रदर्शन भरले होते. क्रोशाची तोरणे, लोकरीच्या कुंच्या आणि मोजे, दुपटी, जुन्या लुगड्यांची एक ऐसपैस गोधडी असे पुष्कळ काही टेबलांवर मांडलेले होते. उद्घाटनाला आलेल्या वक्त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितले की, आमच्या भगिनींनी फावल्या वेळाचा किती सुंदर सदुपयोग केला आहे! टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या. घरी परतताना मात्र ‘फावला वेळ’ हे दोन शब्द मनात सलत राहिले. त्या शब्दांशी भांडण मांडावे म्हणून हा लेख.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. घरच्या माणसांसाठी हाताने केलेले सूतकाम, लोकरकाम आणि शिवणकाम हे श्रम आहेत. त्या श्रमांना छंद म्हणणे हा वरवर गौरव वाटतो. वस्तुतः ती फुकट काम करून घेण्याची सोय आहे. आणि ही सोय परक्यांनी नव्हे, आम्ही घरच्यांनीच करून ठेवली आहे.

ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना लोकरीचे महत्त्व सांगावे लागत नाही. हिंदीच्या शेजाराने येथील मराठी घरांत लोकरीला सर्रास ‘ऊन’ म्हणतात, सुयांना ‘सलाया’ म्हणतात, आणि ‘उन्हात बसून ऊन विणायचे’ ही कोटी आमच्या तीन पिढ्यांनी केली आहे. दिवाळी आटोपली की गच्चीवर सतरंज्या पडतात आणि मागण्यांना सुरुवात होते. धाकट्या दिराला बिनबाह्यांचा स्वेटर हवा, नातवाला शाळेच्या रंगाचा हवा, पुण्याच्या भाचीचे डोहाळजेवण जवळ आले म्हणून कुंची, झबले आणि मोजे यांचा संच हवा, शेजारच्या घरातील मुलीच्या रुखवतात ठेवायला क्रोशाचा रुमाल हवा, आणि परदेशी असलेल्या मुलाला ‘आईच्या हातची’ गोधडी हवी. मागणारा प्रत्येक जण एकच वस्तू मागतो. करणारीच्या टोपलीत मात्र पाच वस्तू एकदम येतात. त्यांतली कोणती आधी, कोणती मागून, कोणाचा रुसवा परवडेल आणि कोणाचा नाही, हा हिशेब तिने एकटीने करायचा. स्वयंपाक, पाहुणे, औषधपाणी या सगळ्यांच्या फटींत तो बसवायचा, आणि वर ऐकायचे की तुम्हाला काय, हातांना काहीतरी चाळा हवाच असतो!

आमच्या आत्याबाई गेल्या, त्याला आता बरीच वर्षे झाली. तेराव्यानंतर त्यांच्या पाटल्या कोणाला आणि पैठणी कोणाला, हे घरातल्यांनी समजुतीने ठरवले. त्यांची विणकामाची टोपली कोणीच मागितली नाही. आम्ही ती उघडली तेव्हा आत चार अर्धवट कामे निघाली. प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी लावलेली होती. चिठ्ठीवर नाव, टाक्यांची संख्या, ‘२ सुलट, २ उलट, काखेपाशी घटवणे’ अशी टिपणे आणि कधी द्यायचे तो महिना. एका चिठ्ठीवर आमचेच नाव होते. ते स्वेटर आम्ही कधीतरी सहज मागितले होते आणि विसरून गेलो होतो. आत्याबाई विसरल्या नव्हत्या. शेवटच्या आजारात त्या उशीला टेकून बसत आणि सुया हातात घेत, तेव्हा ‘त्यांचे मन रमते आहे’ असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. त्या आमचे देणे फेडत होत्या, हे आमच्या ध्यानात आले नाही. दुसऱ्यांना दोष देण्यापूर्वी हा स्वतःचा दोष लिहून ठेवणे आम्हाला भाग आहे.

आता थोडे गणित करू. मोठ्या माणसाच्या स्वेटरची पाठ साधारण ५० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर लांब धरली, आणि मध्यम लोकरीत दर १० सेंटिमीटरला २२ टाके व ३० ओळी बसतात असे धरले, तर एका पाठीला ११० टाक्यांच्या १८० ओळी, म्हणजे १९,८०० टाके होतात. पोटाची बाजू तेवढीच. दोन बाह्यांचे मिळून आणखी २०,००० च्या आसपास. गळ्याची आणि मुंढ्यांची घट वजा केली तरी ५०,००० टाके उरतात. सराईत हात मिनिटाला २० टाके घालतो असे मानले तरी २,५०० मिनिटे, म्हणजे जवळजवळ ४२ तास लागतात. दुपारचा दीड तास रोज निर्वेध मिळाला तर २८ दुपारी. माप घेणे, चुकलेले उसवणे, तुकडे जोडणे आणि गळपट्टी उचलणे यांत आम्ही धरलेलेच नाही. नोकरीतल्या माणसाचा हा एक आठवड्याचा पुरता कामाचा वेळ झाला. हा वेळ ‘फावला’ असतो, असे म्हणणाऱ्याने स्वतःच्या २८ दुपारी कोणाला दिल्या आहेत, ते आधी सांगावे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. प्रेमाने केलेल्या कामाचे तास मोजायचे नसतात, मोजले की प्रेम राहत नाही. हा आक्षेप ऐकायला फार गोड आहे. पण तो नेहमी घेणाऱ्याच्या तोंडून येतो, करणारीच्या तोंडून क्वचितच. करणारी तर दिवसभर मोजतच असते. टाके मोजल्याशिवाय तिचे पानही हलत नाही. आत्याबाईंच्या चिठ्ठ्यांवर आकडेच आकडे होते, म्हणून त्यांची माया उणी होती काय? प्रेमाला मोजमापाची भीती नसते. फुकटेपणाला असते.

आमच्या थोरामोठ्यांच्या इतिहासातही या प्रश्नाचे उत्तर आहे. महात्मा गांधींना चरखा हवा होता, पण तो सापडत नव्हता. गंगाबेन मजमुदार यांनी गुजरातभर शोध घेतला आणि अखेरीस तो त्यांना बडोदे संस्थानातील विजापूर येथे सापडला. गायकवाडांच्या राज्यातील ही हकीकत बडोद्याच्या आमच्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. तेथे पुष्कळ घरांत चरखे होते, पण निरुपयोगी म्हणून माळ्यावर टाकलेले. लोक पुन्हा कातायला तयार झाले, मात्र त्यांनी दोन अटी घातल्या. पेळू नियमित पुरवले पाहिजेत आणि कातलेले सूत विकत घेतले पाहिजे. गांधीजींनी आत्मकथेत हे सरळपणे लिहिले आहे. उमर सोबानी यांनी आपल्या गिरणीतून पेळू पाठवले, आणि काम सुरू झाले. कोणीही विजापूरच्या त्या घरांना असे म्हटले नाही की, तुम्ही देशप्रेमापोटी फावल्या वेळात काता. आधी कच्चा माल, मग मोबदला, मग सूत, हा क्रम त्या साध्या माणसांना कळत होता.

दुसरी आठवण बेळगावची. १९२४ च्या डिसेंबरात तेथे भरलेले काँग्रेसचे अधिवेशन हे गांधीजींच्या अध्यक्षतेखालील एकमेव अधिवेशन. तेथे असे ठरले की, सभासदाने दरमहा २,००० वार सूत स्वतः कातून द्यावे. रोज अर्धा तास कातणे प्रत्येकाला जमावे, अशी त्यामागची भूमिका. ती भूमिका आम्हाला आजही थोर वाटते. कारण टकळी आणि चरखा तिने पुढाऱ्यांच्या आणि वकिलांच्या हाती दिला. परंतु त्याच ठरावात एक पळवाटही होती. आजारपण, अनिच्छा किंवा तत्सम कारण असेल, तर दुसऱ्याने कातलेले तेवढेच सूत चालेल! सभासद आपण, सूत दुसऱ्याचे. पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, ही अट सैल होऊन चार आण्यांच्या वर्गणीचा पर्याय परत आला. देशाच्या पुढाऱ्यांना महिन्याचे १५ तास जड गेले. त्या एका वर्षात घराघरांतून ‘दुसऱ्याने’ म्हणजे नेमके कोणी कातले असेल, याचा अंदाज वाचकांनी आपापल्या घराकडे पाहून करावा.

तिसरी गोष्ट आकडेशास्त्राची. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची संयुक्त राष्ट्रांची जी पद्धत १९९३ आणि २००८ साली सुधारून ठरली, तिच्यात घरच्या वापरासाठी तयार केलेल्या वस्तू, कापड आणि कपड्यांसह, उत्पादनाच्या व्याख्येत घेतल्या आहेत. घरचा स्वयंपाक आणि मुलांचे संगोपन त्या व्याख्येबाहेर ठेवले गेले, यावर स्त्री-अभ्यासकांनी केलेली टीका रास्तच आहे. पण गंमत पाहा. जगाचा रूक्ष हिशेबनीसही विणलेल्या स्वेटराला तत्त्वतः उत्पादन मानतो, आणि ज्याच्या अंगात तो स्वेटर आहे तो नातेवाईक त्याला करमणूक मानतो. आपल्या देशात २०१९ साली झालेल्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे दिसले. मुळात असे काम करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या आणि पुरुष शंभरात २६. पाच तासांच्या घरकामानंतर जो वेळ उरतो त्याला फावला म्हणावे की विश्रांतीचा, हे आता तरी स्पष्ट व्हावे. विणकाम विश्रांतीतून कापून काढले जाते.

दुसरा आक्षेप व्यवहारी मंडळींचा. थंडीच्या बाजारात तयार स्वेटर लोकरीच्या किमतीत मिळतो, मग एवढा खटाटोप करावाच कशाला? आमचे उत्तर असे की, करू नये असे जिला वाटते तिने खरोखरच करू नये, आणि घराने ते आनंदाने मान्य करावे. पण ही मंडळी तसे करीत नाहीत. बाजारातला स्वेटर स्वस्त म्हणून हातच्या कामाला किंमत द्यायची नाही, आणि हातच्या कामाची ऊब निराळी म्हणून मागणी तर सोडायची नाही, असा त्यांचा दुहेरी व्यवहार आहे. दोहोंपैकी एक काहीतरी पत्करले पाहिजे.

तिसरा सूर हळहळीचा. हल्लीच्या मुलींना टाके घालता येत नाहीत, आपली परंपरा बुडाली! शिंदे-होळकरांच्या काळापासून या मुलखात राहिलेल्या आपल्या घरांना परंपरेची चिंता अधिक वाटते, हे आम्ही जाणतो. पण ही हळहळ फक्त मुलींच्या नावाने का? जानव्याचे सूत टकळीवर काढून ते वळणारे पुरुष ज्या घरांत होते, त्या घरांतल्या मुलांची बोटे कधी आखडली? हातमागावर बसणारे साळी आणि कोष्टी, घोंगडी विणणारे सणगर, यांच्यात पुरुषाने धागा हाती धरणे कमीपणाचे ठरले नाही. कमीपणा आला तो धागा दिवाणखान्यात येऊन बिनपैशाचा झाल्यावर. आईला रात्री बारापर्यंत विणताना पाहिलेली मुलगी जर सुया हाती घेत नसेल, तर ती परंपरा विसरलेली नाही. तिने परंपरेचा हिशेब नीट वाचला आहे.

साहित्य सभेच्या पत्रिकेत या विषयाचे काय काम, असेही कोणी विचारील. जात्यावरच्या ओव्यांवर आपण परिसंवाद घेतो. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली, ती घरच्यांनी वेळेवर लिहून ठेवली म्हणूनच. नाहीतर तीही त्यांच्याबरोबर गेली असती. आपल्या घरांतले विणीचे नमुने, गोधडीचे टाके, तोरणांच्या साखळ्या यांचीही भाषा आहे आणि तिला शब्दसंग्रह आहे. सुलट, उलट, जाळी, वेणी, घट, वाढ, उसवण, मुंढा, गळपट्टी. इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोद्याच्या घरांत यांतले काही शब्द हिंदी-गुजरातीशी मिसळून वेगळेच झाले आहेत. ते टिपून ठेवणे हे सभेचे काम नव्हे तर कोणाचे?

म्हणून आमच्या काही मागण्या आहेत. हातची वस्तू मागणाऱ्याने आधी विचारावे की टोपलीत आणखी किती कामे आहेत, आणि नकार मिळाल्यास रुसू नये. लोकर, दोरा, कापड मागणाऱ्याने स्वतः आणून द्यावे. आणि जितक्या दुपारी ते काम चालेल तितक्या दुपारचे घरातले एखादे काम अंगावर घ्यावे. गुंडा करायला लडी धरून बसणे, गोधडीचे थर पसरणे, तोरणाचे धागे कापणे ही कामे घरातल्या मुलग्यांनाही शिकवावीत, आणि जमल्यास टाकेही. प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळांनी प्रत्येक वस्तूखाली करणारीचे पूर्ण नाव, कोणासाठी केले ते आणि अदमासे किती तास लागले ते लिहावे. ‘सौ. अमुक यांच्या सौजन्याने’ एवढ्यावर भागवू नये. आणि उद्घाटनाच्या भाषणांतून ‘फावला वेळ’ हा शब्दप्रयोग कायमचा काढून टाकावा.

आत्याबाईंच्या टोपलीतला आमच्या नावाचा तुकडा अजून आमच्याकडे आहे. पाठ पूर्ण आहे आणि पोटाची बाजू काखेपर्यंत आली आहे. चिठ्ठी जपून ठेवली आहे, म्हणून टाके उचलता येतील. गेल्या दिवाळीपासून आम्ही सुया धरायला शिकत आहोत. मिनिटाला २० टाके सोडा, ८ सुद्धा नीट पडत नाहीत, आणि दोनदा सगळे उसवावे लागले. हे कोणी चाळा म्हटलेले आता आम्हाला खपत नाही.