घरातला डीजे कंट्रोलर : निवड, जोडणी आणि दुरुस्ती

'डीजे' हा शब्द कानी पडताच उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यातील गृहस्थाच्या डोळ्यांसमोर वरातीपुढे चालणारी ध्वनिवर्धकांची भिंत उभी राहते. खिडक्यांची तावदाने थरथरतात, घरातील वृद्ध छातीवर हात ठेवून बसतात, आणि मिरवणूक पुढे सरकेपर्यंत दुकानात गिऱ्हाइकाचे बोलणे ऐकू येत नाही. साहजिकच घरातील मुलाने वा मुलीने 'मला डीजे कंट्रोलर हवा आहे' असे म्हटले की वडिलांच्या कपाळाला आठ्या पडतात. संवाद बहुधा तिथेच संपतो. पुढे मूल साठवलेल्या पैशांतून चोरून काहीतरी स्वस्त आणते, ते महिन्याभरात बिघडते, आणि पैसा व विश्वास दोन्ही वाया जातात. म्हणून नकार किंवा होकार देण्यापूर्वी ही वस्तू काय आहे, हे वडीलधाऱ्यांनी समजून घेणे हिताचे ठरते.

यंत्र म्हणजे नेमके काय?

कंट्रोलरला स्वतःचा आवाज नसतो. तो लॅपटॉपमधील सॉफ्टवेअर चालवण्याचा पाट आहे. दोन फिरत्या तबकड्या, मध्ये आवाज कमी-अधिक करणाऱ्या सरकत्या पट्ट्या म्हणजे फेडर, आणि खर्ज, मध्य व तार स्वरांची तीन बटणे, ही त्याची सर्वसाधारण रचना. पहिले गाणे चालू असताना दुसरे हेडफोनवर ऐकून त्याचा ताल जुळवायचा आणि श्रोत्यांच्या नकळत एकातून दुसऱ्यात जायचे, हे त्यामागील कौशल्य. त्यासाठी मात्रा मोजाव्या लागतात, कान तयार करावा लागतो. तबला शिकणाऱ्याला जी एकाग्रता लागते, तिच्याशी याचे नाते आहे. रस्त्यावरील भिंतीशी त्याचा संबंध केवळ नावापुरता.

निवड करताना

घरासाठी दोन चॅनेलचे यंत्र पुरेसे असते. चार चॅनेलचा मोह नवशिक्याने टाळावा. तीन गोष्टी मात्र अवश्य पाहाव्यात. पहिली, यंत्रात अंगभूत साउंड कार्ड आहे का. दुसरी, हेडफोनसाठी स्वतंत्र छिद्र आहे का. ते नसेल तर पुढचे गाणे आधी ऐकता येत नाही आणि शिकण्याचा गाभाच हरवतो. तिसरी, ते कोणत्या सॉफ्टवेअरवर चालते आणि त्याची विनामूल्य आवृत्ती पुरेशी आहे का. अन्यथा दरमहा वर्गणीचा खर्च मागे लागतो.

पायोनिअर डीजेचे डीडीजे-एफएलएक्स४ हे या गटातील परिचित यंत्र. ते रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो डीजे लाइट या दोन्हींवर चालते आणि यूएसबीवरूनच वीज घेते. त्याच्या आधीचे डीडीजे-४०० आता जुन्या बाजारात मिळते. हर्क्युलिसच्या इनपल्स ३०० वर ताल जुळवण्यास साहाय्य करणारे दिवे असतात. न्यूमार्कची मिक्सट्रॅक मालिकाही नवशिक्यांत प्रचलित आहे. विनामूल्य व मुक्त सॉफ्टवेअर हवे असल्यास मिक्स हा पर्याय आहे. मात्र घेतलेले यंत्र त्याच्या यादीत आहे का, हे आधी तपासावे.

सर्व रक्कम यंत्रातच ओतणे ही नेहमीची चूक. समजा चाळीस हजार रुपये ठरवले आहेत, तर किमान एक तृतीयांश हिस्सा चांगले बंद कपांचे हेडफोन, दोन छोटे स्पीकर आणि भक्कम केबल यांसाठी राखून ठेवावा. ब्लूटूथ स्पीकर या कामी निरुपयोगी, कारण त्यात आवाज क्षणभर मागे पडतो आणि ताल जुळत नाही. लॅपटॉप आठ जीबी मेमरीचा व एसएसडी असलेला असावा.

व्यवहाराची बाजू

लॅमिंग्टन रोडवर जाऊन घ्या किंवा ऑनलाइन मागवा, पक्के बिल आणि भारतातील वॉरंटी यांविना खरेदी करू नये. बिलावरील क्रमांक यंत्राखालील क्रमांकाशी जुळतो का, हे दुकानातच पाहावे. बिलाविना दोन-तीन हजार वाचतात खरे, पण पहिल्याच बिघाडात ते निघून जातात. जुने यंत्र घेताना प्रत्येक फेडर, प्रत्येक बटण आणि दोन्ही तबकड्या लॅपटॉपला जोडून तपासाव्यात; नुसते दिवे लागले म्हणून समाधान मानू नये.

व्यापारी कुटुंबांत आणखी एक मोह संभवतो. बिल दुकानाच्या नावे घ्यायचे आणि जीएसटीचे क्रेडिट वळते करायचे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूंवरील क्रेडिट मिळत नाही. मुलाच्या छंदाची वस्तू दुकानाच्या पैशातून आली असेल तर ती मालकाच्या उचल खात्यातच दाखवावी. वही स्वच्छ राहते, आणि व्यवसायात पाऊल ठेवू पाहणाऱ्या मुलाला हिशेबाचा पहिला धडा घरातच मिळतो.

'शून्य टक्के व्याजा'च्या हप्त्यांबाबतही सावधानता हवी. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, अशी भूमिका रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना कळवली होती. व्याज कुठेतरी दडलेले असते. कधी सोडलेल्या रोख सवलतीत, कधी प्रक्रिया शुल्कात. एकरकमी किंमत आणि हप्त्यांची बेरीज कागदावर शेजारी शेजारी मांडली की सत्य उघड होते.

बिघाड झाला तर

बहुतेक तक्रारी यंत्राच्या नसून जोडणीच्या असतात. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याकडे धावण्यापूर्वी क्रमाने तपासावे.

लॅपटॉपला यंत्र दिसतच नसेल तर प्रथम केबल बदलावी. मोबाइलसोबत येणाऱ्या काही केबल केवळ चार्जिंगच्या असतात. त्यांतून माहिती जात नाही. हब टाळून यंत्र थेट लॅपटॉपला जोडावे. त्यानंतर उत्पादकाच्या संकेतस्थळावरील ड्रायव्हर घ्यावा.

यंत्र दिसते पण आवाज नाही, असे असल्यास सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आवाज लॅपटॉपच्या स्पीकरकडे तर जात नाही ना, हे पाहावे. कंट्रोलरचे साउंड कार्ड निवडताच प्रश्न बहुधा सुटतो.

आवाज तडतडत असेल तर दोष बहुधा बफरचा असतो. लॅपटॉप आवाज छोट्या हप्त्यांत पाठवतो. ४४,१०० हर्ट्झवर १२८ नमुन्यांचा हप्ता सुमारे २.९ मिलिसेकंदांचा, तर ५१२ नमुन्यांचा सुमारे ११.६ मिलिसेकंदांचा होतो. हप्ता फार लहान ठेवला तर लॅपटॉपची दमछाक होते आणि आवाज तुटतो. तो एक-एक पायरी वाढवावा, इतर प्रोग्रॅम बंद करावेत.

सतत 'घूं' असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. आवाज थांबला तर अर्थिंगची अडचण आहे, असे समजावे. लॅपटॉप व स्पीकर एकाच बोर्डावर घ्यावेत आणि जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी जाणत्या वायरमनकडून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. आवाज जावा म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा उपाय कोणी सुचवला तर तो मुळीच मानू नये. त्यात जिवाला धोका आहे.

फेडर सरकवताना खरखर होत असेल तर त्यात धूळ गेलेली असते. मऊ ब्रश, आणि गरज पडल्यास फेडरसाठीच बनवलेले क्लीनर वापरावे. घरातील तेल सोडू नये. या भागातील पावसाळा दमट असतो. यंत्रावर आच्छादन, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, आणि ओल लागल्याची शंका असल्यास पूर्ण वाळेपर्यंत वीज न जोडणे, एवढी काळजी पुरते. वॉरंटी असताना यंत्र खोलू नये. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

शेजारी आणि कान

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या नियमांच्या कठोर अंमलबजावणीचे आदेश दिले. पण शेजारधर्म कायद्याच्या अलीकडे सुरू होतो. भिंतीपलीकडे कुणी प्रतिक्रमणास बसलेले असते, कुणाचे बाळ नुकतेच झोपलेले असते. खर्जाचा आवाज भिंतीतून सर्वाधिक जातो; म्हणून स्पीकर भिंतीपासून दूर, जाड गादीच्या तुकड्यावर ठेवावेत आणि रात्री नऊनंतर केवळ हेडफोन वापरावेत.

हेडफोनलाही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा, आणि दर ३ डेसिबल वाढीला हा अवधी निम्मा होतो. ८९ डेसिबलवर तो ५ तासांवर येतो. गेलेली श्रवणशक्ती परत मिळत नाही. या खात्यात केवळ खर्च आहे, जमा नाही.

इतके ध्यानी घेतल्यावर खरेदीचा निर्णय ज्या त्या कुटुंबाने घ्यावा. तो घेताना मुलाला समोर बसवून रक्कम, वेळ आणि आवाज या तिन्हींची मर्यादा आपसांत ठरवावी. दिवसभर दुकानात उभे राहणाऱ्या तरुणाला संध्याकाळचा एक तास त्याच्या आवडीचा लाभला आणि तो घरातल्यांच्या माहितीत लाभला, तर त्याला तो इतरत्र शोधावा लागत नाही. वडिलांनी एकदा तो हेडफोन स्वतःच्या कानाला लावून दोन गाण्यांचा ताल जुळताना ऐकावा. मतभेद राहिले तरी बोलणे थांबणार नाही.