पाषाणावरील ठेवपावती

आपले दान आपल्यामागे टिकावे, या इच्छेने मनुष्य ते दगडात कोरून ठेवीत आला आहे. इजिप्तमधील सक्कारा येथे ती नामक अधिकाऱ्याचे सुमारे ४४०० वर्षांपूर्वीचे थडगे आहे. त्याच्या भिंतींवर नैवेद्याच्या टोपल्या आणणाऱ्या स्त्रियांच्या रांगा व हिशेब टिपणारे कारकून उठावात कोरलेले आहेत. मृताला अन्न अखंड मिळावे, हा त्यामागील हेतू. नाशिकच्या पांडवलेण्यांतील १० क्रमांकाच्या लेण्यात जिवंतांसाठीची तरतूद कोरली आहे, आणि तीही आकड्यांसह.

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणे भिक्षुसंघाला दिले. ओसरीतील प्राकृत लेखानुसार, त्याने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. एका श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे. पहिल्या ठेवीतून, लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण.

व्यापाऱ्याच्या सवयीने ताळा करून पाहावा. २००० चे मासिक व्याज २०, वार्षिक २४०. आणि २० गुणिले १२ हेही २४०च. दुसऱ्या ठेवीचे वार्षिक ९० अन्य खर्चासाठी. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून रीतीप्रमाणे नोंदविल्याचेही लेखात नमूद आहे.

पुढील काळात याच लेण्यातील मागच्या भिंतीवरचा स्तूप तासून तेथे भैरव कोरला गेला. शेजारच्या ११ क्रमांकाच्या लेण्यात भगवान ऋषभदेव व अंबिका यांच्या मूर्ती आल्या. श्रेणी लोपल्या आणि त्यांच्याबरोबर ते मुद्दलही गेले. दात्याचा हेतू व ठेवीच्या अटी मात्र आजही वाचता येतात.

आपल्या धर्मशाळा, पाठशाळा, वसतिगृहांच्या संगमरवरी फलकांवर दात्याचे नाव व रक्कम असते. ती रक्कम कोणत्या कार्यासाठी दिली आणि मुद्दलाला हात लावता येतो काय, हे बहुधा तेथे नसते. पुढे विश्वस्त बदलतात, इमारतीच्या दुरुस्तीची निकड येते आणि ध्रुवफंड नकळत खर्ची पडतो. तेव्हा देणगी देतानाच नावाखाली दोन ओळी अधिक कोरून घ्याव्यात: पैसा कशासाठी, आणि मुद्दल राखावे की खर्चावे. कारागिराची मजुरी थोडी वाढेल. पण नातवंडांना दात्याच्या नावाबरोबर त्याचा हेतूही वाचता येईल.